सात नंबरच्या तारेवरचा रविवार

एर्विन लोमान जिवंत आहे असं सरकारने तारेने कळवलं, लष्करी इस्पितळाने पत्राने कळवलं, आमच्या पाद्र्यांनी घरी येऊन समजावून सांगितलं. त्याच्या आईचा एकावरही विश्वास बसला नाही.

फ्रीडा लोमान माझी शेजारीण. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पदरात हा एकुलता एक मुलगा. फेब्रुवारीत आफ्रिकेच्या वाळवंटात त्याचा रणगाडा पेटला आणि एप्रिलात त्याला बोटीने परत आणून पूर्व किनाऱ्यावरच्या इस्पितळात ठेवलं, इतकं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दोन्ही हात भाजलेले, बँडेजमध्ये. त्यामुळे पत्र लिहायचं ते एखादी नर्स लिहायची, आणि गाडी इथेच अडली होती.

एक दिवस तिने ते पत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "वाच, नेटी. तुझी प्रकृती कशी आहे, इकडे हवा छान आहे, देव दयाळू आहे. हा माझा एर्विन? ज्याला कान धरून चर्चमध्ये न्यावं लागायचं तो?"

मी म्हटलं, अगं, नर्सने आपल्या मनाने सजवलं असेल.

"तेच म्हणतेय मी. सगळंच मनाने लिहिलंय. पोरगा गेलाय, नाहीतर वेडा झालाय, आणि कुणी एक भली बाई बसून आयांना पत्रं लिहितेय." मग तिने पत्राची घडी घातली. "मला त्याचा आवाज ऐकू दे. मग मानीन."

तिने जेवण टाकलं होतं म्हटलं तरी चालेल. दर वसंतात शंभर पिल्लं वाढवणारी बाई, त्या साली एकही अंडं उबवायला ठेवलं नाही. मका पेरायची वेळ आली तेव्हा माझ्या नवऱ्याने, लायलने, तिचं शेत पेरून दिलं. ती खिडकीशी सुद्धा आली नाही. मे महिना लागला आणि मला भीती वाटू लागली, की मुलगा घरी येईल आणि आई नसेल. भीतीच म्हणते, दुसरा शब्द नाही.

आवाज ऐकवायचा तर फोन. घरात फोन होता, भिंतीवरचा, लाकडी पेटीचा. पण त्यात दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही आमच्याच गोतावळ्यातल्या.

पहिली म्हणजे सात नंबरची तार. आमच्या बाजूची नऊ घरं या एकाच तारेवर. प्रत्येक घराची घंटा वेगळी, फ्रीडाची दोन लांब एक आखूड, पण घंटा कुणाचीही असो, वाजते नऊही घरांत. आणि वाजली की हात पुसत पुसत बाई जाते आणि रिसीव्हर उचलते. याला कुणी चहाडखोरपणा म्हणत असेल तर म्हणो. रेडिओच्या बॅटऱ्या दुकानातून कधीच गायब झाल्या होत्या, वर्तमानपत्र यायचं ते शिळं, आणि शहरात जावं तर आठवड्याला मिळणारं पेट्रोल चर्चला जाण्यातच संपायचं. दुपारी बाराला एक्स्चेंजमधली ओपल एक लांबलचक घंटा द्यायची आणि सगळ्यांना वाचून दाखवायची: डुकरांचा भाव, मक्याचा, अंड्यांचा, साखरेचं कुठलं रेशनचं कुपन चालू झालं, लोण्याला रेशनकार्डावरचे किती गुण कापणार, आणि कुठल्या घरी तार आली. त्यानंतर कुणी फोन ठेवत नसे. कुणाला शहरात खरं इलॅस्टिक मिळालं, कुणी कॉफीच्या चोथ्यावर तिसऱ्यांदा पाणी ओतलं, कुणाचा खाटीक चांगलं मांस पाठीमागच्या दाराने विकतो, सगळं तिथे कळायचं. लढाई आम्ही या तारेवर काढली असं म्हणायला माझी हरकत नाही.

पण तार म्हणजे काही नदी नव्हे. जितके रिसीव्हर उचलले जातात तितका आवाज वाटला जातो. जवळच्या बोलण्याला ते चालून जातं. लांबून, हजार मैलांवरून येणाऱ्या आवाजाला एकच कान परवडतो. दुसरा कान लागला की त्याची डासासारखी गुणगुण होते, कधी तीही जाते, आणि आठ लागले की काहीच उरत नाही. आमच्या पेट्यांतल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या. नव्या मिळत नव्हत्या, तांबं सगळं सैन्याकडे.

दुसरी अडचण फ्रीडा स्वतः. तिने पंचवीस वर्षांत फोनला हात लावला नव्हता.

ती गोष्ट मागच्या युद्धातली. जर्मनीशी लढाई लागली तेव्हा राज्यात हुकूम निघाला, की चारचौघांत आणि फोनवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. फ्रीडाचं बाळ तेव्हा तापाने फणफणलं होतं. तिने बहिणीला फोन करून विचारलं, काय करू. घाबरलेली आई ज्या भाषेत विचारते त्या भाषेत विचारलं, म्हणजे घरच्या जर्मनमध्ये. तारेवर बर्निस प्रुइट ऐकत होती. तिने जाऊन तक्रार केली. फ्रीडाला शेरीफसमोर उभं केलं, दंड केला, वर्तमानपत्रात नाव आलं. बाळ वाचलं, तोच हा एर्विन. पण फ्रीडाने फोन सोडला तो सोडलाच. नऊ घरांत चोरून न ऐकणारं घर तेवढं एकच; बाजारभावही तिला माझ्याकडून कळायचे. बर्निसचं घर तिच्या शेतापलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं. चर्चमध्ये दोघी एकमेकींना "मिसेस लोमान", "मिसेस प्रुइट" म्हणायच्या आणि वेगळ्या बाकांवर बसायच्या.

ओपलने खटपट केली. इस्पितळातल्या रेड क्रॉसच्या एका बाईशी बोलून तिने शनिवारी संध्याकाळी ट्रंक कॉल ठरवला. मी फ्रीडाकडे जाऊन बसले होते, पण ऐनवेळी तिने मला घरी पाठवलं. माझ्यासमोर नको, म्हणाली.

दोन लांब, एक आखूड. अख्ख्या तारेला माहीत होतं कुणाचा फोन आहे. सगळ्यांचा एर्विनवर जीव. कुणाकडे त्याने मळणीला हात दिला होता, कुणाच्या मुलीला नाचायला नेलं होतं. प्रत्येकीला वाटलं, मी एकटीच हळूच ऐकते, इतरजणी शहाण्या आहेत, त्या उचलायच्या नाहीत. आठही घरांत रिसीव्हर उचलले गेले. आमच्याही, खोटं कशाला बोलू.

मला ऐकू आली ती फ्रीडा, "हॅलो, हॅलो," आणि मग काही नाही. कुठल्यातरी घरातलं घड्याळ टिकटिकत होतं. कुणाची तरी कोंबडी ओरडली. मग ओपल कडाडली, ठेवा खाली, सगळे ठेवा. पण तोवर तिकडची वेळ संपली होती आणि मागे सैनिकांची रांग होती.

मी धावत गेले. फ्रीडा पेटीसमोर स्टुलावर बसली होती, रिसीव्हर लोंबत होता.

"आठ जणांचा श्वास ऐकला," ती म्हणाली. "त्याचा नाही ऐकला. तो नाहीच आहे, नेटी. असता तर एवढ्या सगळ्यांत त्याचा पण आला असता."

प्रेमापोटी उचलले होते सगळ्यांनी, आणि प्रेमापोटीच त्या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा मारला होता.

सोमवारी बाराला लांब घंटा झाली. ओपल म्हणाली, "आज भाव नाहीत. उद्याही नाहीत. तुम्हाला ऐकायचं असतं ना, मग हे ऐका," आणि तिने आमची जी काढायची ती काढली. पुरुषांनाही सोडलं नाही. आठवडाभर डुकरांचा भाव न कळल्याने शेतकरी कासावीस झाले, पण कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी तिनेच कळवलं, पुढच्या रविवारी दुपारी दोनला पुन्हा कॉल मिळालाय. पुन्हा मिळणार नाही, कारण सोमवारी एर्विनच्या हातांवर मोठी शस्त्रक्रिया आहे आणि मग किती आठवडे तो पडून राहील कोण जाणे.

बुधवारी चर्चच्या तळघरात तारेवरची सगळी मंडळी जमली. एकेकाने उठून शपथा घेतल्या. माझा अजिबात भरवसा नव्हता. ज्यांनी लेंटच्या उपवासात गोड सोडायच्या शपथा घेऊन साखरेच्या कुपनांवर भांडणं केली, ती हीच माणसं. मी तसं बोलूनही दाखवलं.

तेव्हा बर्निस प्रुइट उठली. साठी उलटलेली, भरभक्कम, आमच्या तारेवरचा सर्वात तिखट कान. कुणी फोनवर बोलताना मध्येच थांबलं तर पुढचं वाक्य तिला ठाऊक असायचं.

"घरी बसलो तर उचलणार," ती म्हणाली. "इतरांचं मला माहीत नाही, मी नक्की उचलीन. मला मी ओळखते. फोन वाजला की माझा हात माझा राहत नाही. तेव्हा त्या वेळी आपण कुणी घरीच असता कामा नये. सगळ्यांनी एका ठिकाणी बसायचं, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून. आणि माझं विचाराल तर, त्यांच्याच स्वयंपाकघरात. त्यांना दिसू देत आमचे हात."

त्यांच्याच म्हणजे कुणाच्या, आणि हे कोण म्हणतंय, सगळ्यांना कळलं. फ्रीडाला विचारायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

फ्रीडा बटाटे सोलत होती. तिने ऐकून घेतलं. "ती पण?"

"तिचीच कल्पना आहे."

एक अख्खा बटाटा सोलून झाला. "येऊ दे," ती म्हणाली. "या वेळी माझ्यासमोर बसून ऐकू दे."

रविवारी आम्ही गवताच्या गाडीला घोडे जुंपून निघालो, वाटेतल्या प्रत्येक घरासमोर थांबत. दारं ओढून घेतली, मुलंबाळं गाडीत घातली, म्हातारीकोतारी उचलून ठेवली. फक्त बर्निसचा नवरा होमर घरी राहिला. त्याच्या कमरेत अशी उसण भरली होती की त्याला पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागली. बर्निसने त्याला फोनपासून लांब बसवलंय असं सांगितलं आणि आम्ही मानलं. येताना प्रत्येकीने चमचा चमचा कॉफी आणली होती, खरी. फ्रीडाच्या मोठ्या किटलीत ती उकळत होती आणि त्या वासानेच बायका हळव्या झाल्या होत्या. बर्निस दाराजवळ, सर्वांत कडेच्या खुर्चीवर बसली. हात मांडीवर. तिच्याकडे पाहून एकेकाने आपापले हात मांडीवर घेतले. फ्रीडाने सगळ्या हातांवरून नजर फिरवली आणि पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

घंटा वाजली. खोलीतल्या किमान चार बायका अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

"हॅलो," फ्रीडा म्हणाली. "मिसेस लोमान बोलते आहे." इंग्रजीत, शेरीफसमोर बोलावं तशी. तिची पाठ आमच्याकडे होती. "कोण? मोठ्याने बोला. कोण एर्विन?"

आणि मग ती घरच्या जर्मनमध्ये शिरली. ठरवून नव्हे, पाय घसरावा तशी शिरली. मला ती भाषा येत नाही, पण वीस वर्षांच्या शेजाराने मूल, डुक्कर, अंडं, देवा, गाढवा इतकं कळतं. तिने विचारलं, तू माझं मूल आहेस का. त्याने काय म्हटलं कुणास ठाऊक. तिने पुन्हा तेच विचारलं. तिच्या मानेवरूनच कळत होतं की अजून खात्री नाही, आवाज लांबचा आहे, कुणाचाही असू शकतो.

तेवढ्यात तिने रिसीव्हर कानावर गच्च दाबला. "एर्विन? एर्विन?" मग वळून तिने आमच्याकडे पाहिलं. ते तोंड मला परत बघायचं नाही. "गेला," ती म्हणाली. "खट् झालं आणि गेला."

सगळे हात मांडीवर होते. मी मोजू लागले, कोण नाही, कोण नाही. बर्निसला मोजावं लागलं नाही. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"होमर," ती म्हणाली आणि खुर्ची उलटवून दाराबाहेर गेली.

रस्त्याने गेलं तर वळसा पडतो. ती शेतातून गेली, सरळ. मका नुकता बोटभर वर आला होता. कोवळ्या मक्यावर पाय देणं आमच्याकडे चोरी करण्याइतकं वाईट समजतात, आणि बर्निसने आयुष्यात कुणाच्या सरीवर पाय ठेवला नव्हता. तिच्या पायांत चर्चचे बूट होते, ज्या एका जोडावर रेशनमुळे कित्येक महिने काढायचे होते तेच. पहिला बूट ओल्या मातीत रुतून बसला. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. अर्ध्यावर तिची टोपी उडाली. ती ओरडत होती, "होमर, ठेव तो! होमर!" पण खुर्चीसकट सरकत फोनपाशी पोचलेल्या होमरचा चांगला कान रिसीव्हरला होता आणि दुसऱ्या कानाने त्याला मेघगर्जनाही ऐकू येत नाही.

खिडकीशी आम्ही सगळे. लायल पुटपुटला, पळ, म्हातारे, पळ. लायल सहसा बोलत नाही. मी एकदा खिडकीबाहेर बघत होते, एकदा फ्रीडाच्या हाताकडे. तिने फोन सोडला नव्हता. ती त्यात बोलत राहिली होती, हळू, एकसारखं, तापलेल्या मुलाशी बोलावं तसं, पलीकडून काही येत नसताना.

बर्निस तिच्या अंगणात पोचली. दारापर्यंतही गेली नाही. उघड्या खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकली, आणि मला तिचे मातीने भरलेले पाय हवेत दिसले.

इकडे फ्रीडाने "आं?" केलं.

मग ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिच्या खांद्यांचं ओझं उतरत गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आणि मग आमची फ्रीडा, जी तीन महिने हसली नव्हती, ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "गाढवा!" हा शब्द मला येतो. त्यानंतर डुक्कर. मग अंडी. मग पुन्हा डुक्कर.

मी लायलचा दंड धरला. "भाव विचारतोय," मी म्हटलं. "अरे, तो डुकरांचा भाव विचारतोय."

आणि तीही सांगत होती. आफ्रिकेतून जिवंत आलेल्या मुलाशी, हजार मैलांवरून, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, ती बाई ओरडून ओरडून सांगत होती की डुकरं शंभर पौंडाला चौदा डॉलर गेली, लढाईआधीच्या दुपटीहून जास्त. अंडी डझनाला पस्तीस सेंट आणि या साली तिच्याकडे पिल्लं नाहीत, आणि त्यावर तो तिला रागवला असावा, कारण ती म्हणाली ठेवते, ठेवते, उद्याच ठेवते. पस्तीस आणि चौदा तिने जर्मनमध्ये सांगितले तरी खोलीतल्या प्रत्येकाला समजले. चर्चमध्येही कधी इतके ओले डोळे पाहिले नाहीत मी. आमच्यातला सगळ्यात खमका, खाटकाशी मारामारी केलेला मार्व्हिन हेस टोपीत तोंड घालून बसला होता.

ओपलने वेळ संपली तरी तोडलं नाही. तोडलं असतं तर तिचीही काही खैर नव्हती.

फ्रीडाने रिसीव्हर ठेवला. वळली. "डाव्या हाताची दोन बोटं गेली," ती आम्हाला इंग्रजीत म्हणाली. "बाकीची राहतील म्हणतात. धार काढता येईल, असं तो म्हणतो." मग जणू कुणी विचारलंच आहे अशा सुरात, "तोच आहे."

जी गडबड उडाली ती सांगत नाही. कॉफी उतू गेली, कुणालाही पर्वा नव्हती. मुलं अंगणात कोंबड्यांसारखी धावत सुटली. म्हातारे लोक एकमेकांना भाव सांगू लागले, जणू आजच कळलेत.

फ्रीडा मात्र खिडकीशी गेली. शेतापलीकडे बर्निस आपल्या पायरीवर बसली होती, एक पाय अनवाणी, मोकळे पांढरे केस, छाती भात्यासारखी वरखाली. परत यायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. आमच्या तारेवर एवढी मोठी गोष्ट झाली आणि सबंध वस्तीत ती एकटीच होती जिने एक शब्द ऐकला नव्हता.

फ्रीडा पेटीपाशी आली. दांडा धरला आणि फिरवला. तीन आखूड: प्रुइटांची घंटा. पंचवीस वर्षांनी तिने स्वतः लावलेला पहिला फोन. खिडकीतून आम्हाला दिसलं, बर्निस दचकून उठली, लंगडत आत गेली.

फ्रीडा बोलू लागली. जर्मनमध्ये. सगळं सांगितलं तिने, पहिल्यापासून, घाई न करता: मूल, हात, दोन बोटं, गाढवा, डुकरं चौदा, अंडी पस्तीस, पिल्लं. पलीकडच्या बाईला त्यातला एक शब्द कळत नव्हता, आणि पलीकडच्या बाईने फोन ठेवला नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

मग फ्रीडा थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "ऐकलंस ना, बर्निस?"

ती पेटीपाशी होती, तिथून उत्तर आम्हालाही ऐकू आलं, कारण त्या वेळी तारेवर दुसरं कुणीच नव्हतं.

"ऐकलं, फ्रीडा. सगळं ऐकलं."

"मग ये इकडे. कॉफी निवतेय. आणि शेतातूनच ये, मका काय परत उगवेल."